घड्याळ बरोबर केलं आणि...

"किती वाजले?" हा प्रश्न आपण दिवसातून कितीदा विचारतो कोण जाणे. आमच्या हापिसातल्या एका सॉफ्टवेअरला मात्र तो सेकंदाला हजारो वेळा विचारायची खोड होती, आणि गंमत म्हणजे त्या उत्तराची त्याला काडीचीही गरज नव्हती. त्याला हवं होतं वेगळंच काहीतरी. ते काय, आणि ते त्याला नीट मिळावं म्हणून आम्ही काय खटाटोप केला, त्याची ही गोष्ट. विषय थोडा तांत्रिक आहे, पण आयटीत नसलेल्या मंडळींनी लगेच पळून जाऊ नये. वाटेत मिसळणाचा डबा आहे, नांदेडची बस आहे आणि घटिकापात्रही आहे.

आधी डबा. स्वयंपाकघरात हळद, तिखट, मोहरी, जिरं यांच्या मोठ्या बरण्या वरच्या फळीवर असतात. फोडणी तडतडत असताना कोणी स्टूल घेऊन वर चढत नाही. हाताशी मिसळणाचा डबा असतो आणि त्यात रोज लागणारं थोडं थोडं काढून ठेवलेलं असतं. कॅशे म्हणजे हाच डबा. (उच्चार खरं तर 'कॅश', पण रोख रकमेशी गोंधळ नको म्हणून मी कॅशेच लिहिणार.) डेटाबेस म्हणजे वरची फळी. तिथून काढायला वेळ लागतो, डब्यातून चटकन मिळतं. फरक एवढाच, की हळद महिनाभर डब्यात राहिली तरी हळदच राहते. आमच्या डब्यातला माल शिळा होतो. भाडं बदलतं, सीट भरते. म्हणून डब्यात टाकताना प्रत्येक गोष्टीला मुदत द्यायची: दहा मिनिटं, एक तास, एक दिवस. मुदत संपली की फेकून द्यायचं, आणि लागलंच तर पुन्हा स्टूलावर चढायचं.

मुदत आली की घड्याळ आलं. आणि इथेच सगळी गोची आहे.

मी तेव्हा बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत होतो. घटना २०१८ सालची, मी तिथे रुजू व्हायच्या महिनाभर आधीची. तुम्ही सीट निवडली की ती दहा मिनिटं तुमच्यासाठी अडवून ठेवतात हे तुम्हाला माहीत असेलच. तेवढ्या वेळात नाव, वय, कार्डाचा नंबर, मग बँकेचं पान, मग तो ओटीपी. हा होल्ड कॅशेमध्ये असायचा आणि नोंद साधारण अशी असायची: सीट १४, अमुक गिऱ्हाईक, संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटांपर्यंत. यातला शेवटचा भाग लक्षात ठेवा.

ज्या मशीनवर हे चालायचं त्याचं घड्याळ मागे पडत होतं. दिवसाला चार-पाच सेकंद म्हणजे काही फार नाही, पण घड्याळ जुळवून घेणारी एनटीपीची सेवा कधीतरी बंद पडली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाच महिन्यांत ते अकरा मिनिटं मागे गेलं. मग एका संध्याकाळी ऑपरेशन्समधल्या एका शहाण्या मुलाला लॉगमधल्या वेळा जुळेनात. त्याने कारण शोधलं, सेवा पुन्हा सुरू केली, आणि घड्याळाने अकरा मिनिटांची उडी पुढे मारली. ६:३३ चे एकदम ६:४४ झाले. त्या क्षणी चालू असलेले सगळे होल्ड एका फटक्यात मेले. सॉफ्टवेअरच्या मते मुदत संपली होती, सीटा मोकळ्या झाल्या आणि इतरांना दिसायला लागल्या. पहिली माणसं अजून ओटीपी टाकत होती.

सीट १४ दोघांना विकली गेली. रात्रीची पुणे-नांदेड बस. त्यातले एक वयस्कर गृहस्थ भावाच्या दहाव्याला निघाले होते. दुसरा प्रवासी आधी येऊन बसला होता, गाडी भरलेली होती, कंडक्टरने यांना खाली उतरवलं. पैसे परत मिळाले, दिलगिरीची मेलही गेली. त्यांनी कंपनीला हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं. मी रुजू झालो तेव्हा ते सपोर्टच्या मुलांनी फळ्यावर टाचून ठेवलेलं होतं. पत्रात राग असा नव्हताच. सकाळी गोदावरीच्या घाटावर पोचायला हवं होतं, पोचता आलं नाही, एवढंच होतं. आपल्याकडे लग्नाची तारीख पुढे ढकलता येते, बारसं ढकलता येतं. दहाव्याला मुदतवाढ नसते.

यात चूक कोणाची शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. घड्याळ चुकलेलं होतं तेव्हा पाच महिने सगळं सुरळीत चालू होतं. ते बरोबर केलं आणि घोटाळा झाला!

इथे जाणकार वाचक म्हणतील की सीट पक्की करताना डेटाबेसनेच दुसऱ्याला अडवायला हवं होतं. अगदी खरं, आणि ती कडी त्याच आठवड्यात बसवली गेली. पण तेवढ्याने काय होतं? पैसे भरून झालेल्या माणसाला बसमध्ये सांगण्याऐवजी स्क्रीनवर सांगितलं जातं, की 'क्षमस्व, सीट गेली'. मनस्ताप थोडा कमी. पण आम्ही दहा मिनिटं देऊ म्हणालो होतो आणि दिली नव्हती, ते तसंच राहतं.

तर मी गेल्यावर काम अंगावर आलं ते असं: कॅशेच्या लायब्ररीसाठी एक टाइम सर्व्हिस बनव. म्हणजे सगळ्या कोडमध्ये जो तो परस्पर मशीनला वेळ विचारत होता ते बंद, आणि वेळेसाठी एकच खिडकी. वाचायला किती सोपं वाटतं ना? दोन वीकांत नुसते कागदावर गेले.

मुळात कॅशेला 'किती वाजले' हे कळून करायचंय काय? त्याला कळायला हवं 'किती वेळ झाला'. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आपल्या पूर्वजांना त्यातला फरक चांगला ठाऊक होता. लग्नात घटिकापात्र ठेवतात ते पाहिलंय? तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दिवसाच्या साठ घटिका. त्या वाटीला तुम्ही किती वाजले विचारा, ती काहीच सांगणार नाही. पण सोडल्यापासून किती वेळ गेला ते सांगेल, आणि कोणी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवले तरी ती आपल्या गतीनेच बुडेल.

मशीनमध्येही ही दोन्ही घड्याळं असतात. एक भिंतीवरचं: त्यात तारीख आहे, वार आहे, पण ते पुढे-मागे सरकवता येतं. दुसरं मोनोटॉनिक: मशीन सुरू झाल्यापासून नुसतं मोजत राहणारं, मागे कधीही न जाणारं. लिनक्समध्ये दोन्ही मिळतात, आणि जावामध्ये २००४ साली पाचव्या आवृत्तीत 'नॅनोटाइम' आलं तेव्हापासून तिथेही. तरीही माणसं सवयीने पहिलंच घड्याळ विचारतात, कारण त्याचं उत्तर वाचता येतं. नॅनोटाइमचा आकडा छापून बघितला तर कोणाला काही बोध होत नाही, कधी कधी तर तो ऋण असतो.

एनटीपी घड्याळ कसं सरकवतं तेही सांगतो, कारण 'थोडं थोडं सरकवा की, उडी कशाला' असं आम्हाला मीटिंगमध्ये ऐकावं लागलं होतं. फरक लहान असेल तर ते हळूहळूच ओढतं. पण ओढायचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद. म्हणजे एक सेकंदाचा फरक भरून काढायला २००० सेकंद, तेहतीस मिनिटं. अकरा मिनिटं याच गतीने भरायची तर पंधरा दिवस लागतील. म्हणून नेहमीच्या सेटिंगमध्ये फरक १२८ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर ते सरळ उडी मारतं. त्याचं काम घड्याळ बरोबर ठेवणं आहे आणि ते त्याने चोख केलं. आमच्या होल्डची काळजी त्याने का करावी?

या वाटेवर ठेचा खाणारे आम्ही काही पहिले नव्हतो. ब्राउझरमधल्या कॅशेचंच घ्या. आधी सर्व्हर सांगायचा, की हे पान अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत वापर. सर्व्हरचं आणि तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ जुळलं नाही की बोंब. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये 'इतके सेकंद वापर' असं सांगायची सोय आली, आणि दोन्ही सांगितलं असेल तर सेकंदवालं ऐकायचं असा नियम आहे.

मेमकॅशडी हे तर कॅशेमधलं जुनं घराणं, ब्रॅड फिट्झपॅट्रिकने २००३ साली लाइव्हजर्नलसाठी लिहिलेलं. त्यात मुदतीचा आकडा एकच, पण अर्थ दोन! तीस दिवसांपर्यंतचा आकडा म्हणजे 'आतापासून इतके सेकंद', आणि त्याहून मोठा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेली तारीख. आता कोणी भाबडेपणाने ३१ दिवसांची मुदत मागितली तर? तिचा अर्थ होतो १ फेब्रुवारी १९७०. डब्यात टाकल्या टाकल्या शिळं. त्याच कोडमध्ये एक गमतीदार गोष्ट आहे. शून्य मुदतीचा अर्थ 'कधीच संपू नको' असा ठरलेला असल्याने, सुरू झाल्यापासूनचा वेळ कधी शून्य येऊ नये म्हणून सर्व्हर आपला जन्म मुद्दाम थोडा आधीचा लावतो. आपल्याकडे शाळेत घालण्यासाठी पूर्वी १ जून जन्मतारीख लावायचे, तसंच :-)

आणि १ जानेवारी २०१७. भारतात पहाटेचे साडेपाच, म्हणजे तिकडे ग्रीनिचला मध्यरात्र. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला एक लीप सेकंद जोडला गेला, आणि क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सॉफ्टवेअरला दोन वेळांमधलं अंतर ऋण दिसलं. वेळ मागे जाऊच शकत नाही असं कोडने गृहीत धरलं होतं, त्यामुळे त्यांच्या काही सर्व्हर्सवरचं ते सॉफ्टवेअर कोसळलं. ते गो भाषेत लिहिलेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोच्या १.९ आवृत्तीत साध्या वेळेसोबत मोनोटॉनिक आकडाही आपोआप ठेवायला सुरुवात झाली. लीप सेकंद त्यानंतर आजपर्यंत आलेला नाही, आणि २०३५ पर्यंत ही प्रथा जवळजवळ मोडीत काढायचं २०२२ मध्ये ठरलंय. पण घड्याळं सरकवायची कारणं काय, हजार असतात.

तर मोनोटॉनिक वापरायचं हे सहज ठरलं. भांडण झालं ते पुढच्या गोष्टीवरून. आमच्या आर्किटेक्टचं म्हणणं होतं, दर वेळी मशीनला विचारायचंच कशाला? "एक थ्रेड ठेव. तो दर शंभर मिलिसेकंदांनी घड्याळ बघून एका जागी लिहून ठेवेल. बाकी सगळे ती जागा वाचतील. फुकट." यात चूक काही नाही. मेमकॅशडीही सेकंदाला एकदा वेळ लिहून ठेवतो आणि तीच वापरतो.

"पण सर, तो थ्रेडच अडकला तर?"

"का अडकेल?"

अडकायला काय लागतं? मशीनवर ताण आला, त्याची पाळीच लागली नाही, किंवा एखाद्या न पकडलेल्या एक्सेप्शनने तो गुपचूप मेला. मग होतं काय, वेळ थांबते. काहीच शिळं होत नाही. डब्यात जे आहे ते कायमचं ताजं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे कोणाला कळत नाही, कारण डॅशबोर्डवर सगळं छान दिसायला लागतं! डब्यातच सापडण्याचं प्रमाण वाढतं, डेटाबेसवरचा भार कमी होतो, मॅनेजर खूश. इकडे गिऱ्हाईक कालचं भाडं बघतंय. लिहून ठेवलेली वेळ म्हणजे वेळेचाच कॅशे की हो. मग त्या नोंदीची मुदत कोण बघणार?

वाद तोंडाने मिटला नाही, मोजून मिटला. लिनक्समध्ये वेळ वाचणं आता इतकं स्वस्त आहे की कर्नलमध्ये शिरावंही लागत नाही, काही दशक नॅनोसेकंदांत काम होतं. अपवाद काही व्हर्च्युअल मशीन्सचा, उदाहरणार्थ झेनचं घड्याळ वापरणाऱ्या. तिथे खरोखर आत जाऊन यावं लागतं आणि ते बरंच महाग पडतं. आमची दोन मशीन्स तशीच होती. म्हणून मधला मार्ग काढला: थ्रेड नाही, पण एका विनंतीला एकदाच वेळ विचारायची आणि ती विनंती संपेपर्यंत तीच हातात धरायची.

हा मार्ग काटकसरीसाठी निवडला, पण त्याचा खरा फायदा वेगळाच निघाला. एकाच विनंतीत कोड दोन-तीनदा मुदत तपासतो. 'होल्ड आहे का? आहे. बरं, मग त्यातलं नाव दे.' आणि या दोन ओळींच्या मध्येच मुदत संपली तर? पहिल्या ओळीला होल्ड आहे, दुसरीला नाही. असले बग वर्षातून दोनदा येतात आणि कोणाच्या बापाला पुन्हा घडवून दाखवता येत नाहीत. एका विनंतीला एकच वेळ म्हटलं की तो प्रकारच संपला. रेडिसमध्येही लुआ स्क्रिप्ट चालू असेपर्यंत मुदतीच्या हिशेबापुरती वेळ गोठवलेली असते, ती यासाठीच.

मग आली खरी अडचण. घटिकापात्र ज्या मांडवात आहे तिथेच उपयोगी. एका मशीनचा मोनोटॉनिक आकडा दुसऱ्या मशीनवर निरर्थक, आणि आमच्या जावाच्या बाबतीत तर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला तरी निरर्थक. दुसऱ्या मशीनला सांगताना आम्ही 'कधी संपणार' ऐवजी 'किती उरलंय' पाठवायला लागलो. ते सुटलं. पण प्रोग्राम पुन्हा सुरू झाल्यावर? मध्ये किती वेळ गेला हे सांगायला भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कोणीच नसतं, आणि तेच तर बेभरवशाचं. म्हणून दर काही सेकंदांनी दोन्ही घड्याळांची नोंद डिस्कवर ठेवायची आणि उठल्यावर पडताळायची. वेळ मागे गेलेली दिसली किंवा न पटण्याइतकी पुढे गेलेली दिसली, तर सर्व्हिसने प्रामाणिकपणे म्हणायचं: मला माहीत नाही.

आणि मग काय करायचं? हा प्रश्न इंजिनिअरांनी आपापसात सोडवायचा नाही असं माझं मत होतं आणि आहे. मी तो प्रॉडक्ट मॅनेजरकडे घेऊन गेलो. घड्याळावर भरवसा उरला नाही तर होल्ड ठेवायचा की सोडायचा?

"घड्याळावर भरवसा का उरणार नाही?" तिने विचारलं. मी तिला फळ्यापाशी नेऊन पत्र वाचायला दिलं.

"ठेव," ती म्हणाली. "सीट दहा मिनिटं जास्त रिकामी राहिली तर राहू दे."

भाड्याच्या बाबतीत उत्तर उलट आलं: शंका आली की फेकून द्या, पुन्हा डेटाबेसला विचारा. म्हणजे नियम एक नाही. प्रत्येक डब्यागणिक वेगळा, आणि तो ठरतो घड्याळ खोटं बोललं तर भुर्दंड कोणाला पडतो यावर. म्हणून टाइम सर्व्हिस वापरणाऱ्या प्रत्येक कॅशेला 'शंका आल्यास ठेव' किंवा 'शंका आल्यास सोड' हे सांगणं आम्ही सक्तीचं केलं. न सांगितल्यास कोड कंपाइलच होत नाही. एक-दोघांनी कुरकुर केली, काहीतरी डीफॉल्ट ठेवा म्हणून. नाही ठेवलं. डीफॉल्ट ठेवलं की विचार करायचं काम संपतं, आणि ते काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतं.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम सोडून दिली. मशीन झोपवलं तर लिनक्सचं नेहमीचं मोनोटॉनिक घड्याळ तो वेळ मोजतच नाही, झोपेतलाही धरणारं वेगळं घड्याळ आहे. आमची मशीन्स झोपत नव्हती. तुम्ही मोबाइल ॲप लिहीत असाल तर मात्र हे आधी बघा.

टेस्ट लिहिताना मजा आली. आधीच्या टेस्टमध्ये 'दोन सेकंद थांब, मग बघ मुदत संपली का' असला प्रकार होता. दहा मिनिटांचा होल्ड अर्थातच कोणी तपासलाच नव्हता, कोण थांबणार? आता वेळेची खिडकी एकच असल्याने टेस्टमध्ये खोटं घड्याळ बसवता येत होतं, आणि दहा मिनिटं एका ओळीत उलटत होती. पहिली टेस्ट लिहिली ती अकरा मिनिटांच्या उडीची: भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकव, मोनोटॉनिक जागेवर ठेव, होल्ड जिवंत आहे का बघ. तिचं नाव मी 'नांदेडची बस' ठेवलं. कोडमध्ये अशी नावं ठेवू नयेत असं आमच्या नियमावलीत होतं, पण रिव्ह्यूमध्ये कोणी हरकत घेतली नाही.

२०१९ च्या जानेवारीत यादीतून सुटलेलं एक जुनं मशीन सापडलं. त्याचं घड्याळ सात सेकंद पुढे होतं. ऑपरेशन्समधला तोच मुलगा माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "अरे, घड्याळ मागे घेऊ का? की रात्री करू?"

"आत्ताच कर."

त्या वेळी मशीनवर चार होल्ड चालू होते. लॉगमध्ये ६:१८:०९ नंतर ६:१८:०२ उमटलं. तिघांनी पैसे भरले. चौथ्याने विचार बदलला असावा, त्याची सीट धरल्यापासून बरोबर दहा मिनिटांनी सुटली. लातूरच्या गाडीची होती. दोन मिनिटांत ती दुसऱ्या कोणीतरी घेतली.